वजा बासष्ट

आईने बॅग छातीशी कवटाळली आणि ती वजनकाट्यावर चढली. बॅग नुसती ठेवली की आकडा झाकला जायचा, म्हणून हा सगळा द्राविडी प्राणायाम.

"वाच लवकर, हात तुटतायत."

"अठ्ठ्याहत्तर," लेक वाकून म्हणाली.

"त्यातून माझे बासष्ट वजा कर."

"सोळा."

"बघ. विमानात तेवीस चालतात ना? उगाच सकाळपासून जीव खातेयस माझा."

आई लगेच कामाला लागली. स्वतः शिवलेला जाड कोट, दोन चादरी, लोणच्याच्या दोन बरण्या, सगळं कोंबलं. लेक दोन वर्षांसाठी परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून निघाली होती. ही नोकरी मिळाल्यापासून आई कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येकीला मापं घेता घेता तेच ऐकवत होती. बिचाऱ्यांना टेपातून सुटकाच नव्हती.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. लेकीने बॅग उचलली आणि दारापाशीच थबकली. दिवसभर पेशंटना उठवणारे-बसवणारे हात तिचे. ही बॅग तेवीसची नव्हती.

ती स्वतःच बॅग घेऊन काट्यावर चढली. अठ्ठ्याऐंशी. तिचे अठ्ठावन्न गेले, उरले तीस.

"काटा बिघडलाय मेला," आई घाईघाईने म्हणाली. "चल, टॅक्सीवाला खोळंबलाय."

लेकीने बॅग खाली ठेवली आणि एकटी उभी राहिली. अठ्ठावन्न. काटा ठणठणीत होता.

"आई, आता तू चढ. बॅग न घेता."

"हे काय आता भलतंच?"

"चढ."

आई चढली आणि खिडकीकडे बघत राहिली. पंचावन्न.

सात किलो कमी. रोज वॉर्डात दुसऱ्यांच्या आयांची वजनं लिहून घेणाऱ्या पोरीला घरातली आई दिसली नव्हती. दिसणार तरी कशी? कपडे कसे अंगाबरहुकूम बसलेले. लेकीने पुढे होऊन आईच्या झग्याची बाजू उलटून पाहिली. शिवण आत घेतलेली होती. तिच्या बाहेर उसवलेल्या जुन्या शिवणीची भोकं, आणि त्यांच्याही बाहेर आणखी एक ओळ.

"कधीपासून?"

"झाले असतील चार-पाच महिने. जेवण जात नाही नीट." आई काट्यावरून उतरली. "तू गेलीस की दाखवणारच होते डॉक्टरांना. खरंच."

"मला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर गेली असतीस?"

आईने बॅगेची चेन ओढून नीट लावली, तिच्यावर हात फिरवला.

"जा गं चिमणे. विमान चुकेल."

हॉर्न पुन्हा वाजला. लेक खिडकीत गेली.

"काका, विमानतळ नको. दवाखान्यात सोडा आम्हाला. बॅग नाहीये, दोघी येतोय."

मग तिने कोपऱ्यातल्या चपला आणून आईच्या पायाशी ठेवल्या. आईने एकदा बॅगेकडे पाहिलं. शेवटी एक पाय सरकवला.

"थांब, निदान झगा तरी बदलते."

"हाच राहू दे," लेक म्हणाली. "डॉक्टरांना शिवणी दाखवायच्यात."