तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत कुणी काफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हणायचं, कशाला उगीच त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की लोटा हातात घ्यायचा. माझी मुलगी विनुता पाच वर्षांची असताना एका लग्नघरी पहिल्याच विचारण्याला हो म्हणाली, तेव्हा मी तिच्या दंडाला चिमटा काढला होता. चांगला जोरात. शाळेत शिकवत होते, हाताला सवय होती.

आता विनुता कॅनडात असते. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून या घरात मराठी बोलणारी मी एकटी, आणि तेही मिक्सर बिघडला की मिक्सरशी.

गेल्या महिन्यात छातीत दुखलं. डॉक्टरांनी अँजिओग्राम करायला सांगितला. रविवारी फोनवर विनुता म्हणाली, "अम्मा, अस्कं घरदार आवरून इकडंच ये. एकटी किती दिवस राहशील?"

मनातल्या मनात मी बॅग भरायलाच घेतली. तोंडानं मात्र म्हणाले, "नको ग."

नुसतं नको बरं दिसत नाही, म्हणून कारणं दिली. इथं हृदयाचा डॉक्टर उद्या भेटतो, तिथं महिनोन्महिने नंबर लागत नाही म्हणतात. माझ्या वयाला विमा कोण देणार, आणि दिला तर केवढ्याला? माझ्या पेन्शनीत इथं घर चालतं, औषधं येतात, कामाला बाई येते. तिथं त्यात तुझं घर गरम ठेवायचा खर्चसुद्धा निघायचा नाही. फार छान मांडलं मी. तीस वर्षं गणित शिकवलं ते वाया गेलं नाही.

"मी अस्कं बघून सांगते," विनुता म्हणाली.

त्या आठवड्यात मी पासपोर्टची तारीख पाहिली. उटीच्या सहलीला घेतलेला स्वेटर काढून उन्हात घातला. नारत्तंगाईचं लोणचं विमानात चालतं का, हेही एकीला विचारून ठेवलं.

पुढच्या रविवारी तिचा फोन आला. तिनं खरंच सगळं पाहिलं होतं.

"तू बोललीस ते बरोबर, अम्मा. आधीच्या दुखण्याला विमा नाही म्हणतात. इकडं तुज काही झालं तर मज झेपणार नाही. तंजावूरच बरं. पैसे मी पाठवते, चांगल्या हॉस्पिटलात कर."

ती दुसऱ्यांदा विचारेल म्हणून मी गप्प राहिले. तिला वाटलं, लाइन गेली.

"अम्मा? ऐकू येतंय ना?"

"येतंय. मी तेच म्हणत होते."

फोन ठेवला आणि रडले. आधी तिचा राग आला, मग माझा. तिचं गणित बरोबर होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

सोमवारी हॉस्पिटलात गेले. बुधवारची तारीख मिळाली. काउंटरवरच्या मुलीनं पैशाचं नंतर विचारलं, आधी विचारलं अटेंडर कोण. सही करायला आणि रात्री सोबत थांबायला आपलं कुणीतरी पाहिजे, त्याशिवाय दाखल करून घेत नाहीत. "उद्या सांगते," म्हणाले आणि टाउन बसनं परत आले. विनुताला एवढं समजावून सांगितलं, त्यात हे कुठं आलंच नव्हतं.

फाटकाशी राजलक्ष्मी भेटली. ती माडीवर भाड्यानं राहते, बँकेत नोकरी करते, दोन लहान मुलं आहेत. माझ्या हातातली फाइल पाहून तिनं काय झालं विचारलं. मी सांगितलं.

"मामी, मी येऊ का सोबत?" ती तमिळमध्ये म्हणाली. विचारायचं म्हणून विचारलं होतं. तिचा एक पाय जिन्यावर होता. मी नको म्हणणार, हे तिनं धरलेलंच होतं.

"ये," मी म्हणाले. "बुधवारी सकाळी सात वाजता."

तिचा चेहरा उतरला. मी तो पाहिला, तरी शब्द मागं घेतला नाही. मला चिमटा काढणारं आता कुणी उरलं नव्हतं.