ब्लँकेटऐवजी सभा

कापूस वेचणीच्या बायांना कोंबून नेणारा मालवाहू टेम्पो घाटंजीजवळच्या वळणावर उलटला. रामीबाई जागीच गेली, जमनाबाईचा हात मोडला. आठवडा उलटायच्या आत विठ्ठलरावांच्या सेवा संस्थेनं जखमींना ब्लँकेटं वाटली, फोटो काढले. फोटोत ब्लँकेटचं एक टोक धरून संस्थेची कार्यकर्ती ममता उभी होती. पेपरात तो फोटो पाहिला आणि तिला स्वतःचीच चीड आली.

संस्थेच्या पुढच्या बैठकीत ती विठ्ठलरावांना म्हणाली, "काकाजी, आता वाटप बंद करू. बाजाराच्या दिवशी खुली सभा घेऊ. बायांना मालासारखं कायले नेतात, यावर गावाले बोलू द्या."

टेम्पो संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव यांच्याच वावरात, कापसाच्या शेतात, चालला होता. सगळ्यांना ठाऊक होतं. विठ्ठलरावांची बायको विमलताई संस्थेची सचिव. तिनं वही उघडून इतिवृत्त लिहायला घेतलं.

"आपलं काम देण्याचं आहे बाई, बोंबलण्याचं नाही," विठ्ठलराव म्हणाले. "संस्थेचं नाव घेतलं तर उद्यापासून येऊ नको."

"नाव तर घेईनच. इतकी वर्षं या नावानं वाटलं, आता या नावानं विचारतो."

मंडप मिळाला नाही. ममताच्या सासूनं, इंदूबाईनं, विहारातून सतरंज्या आणल्या. भाजीवाल्या मारोतीनं आपला भोंगा दिला. बाजारातली माणसं जमली. निम्मी तर तमाशा बघायलाच.

ममतानं भोंगा लोकांपुढं केला. मग जमनाबाई उठली. "मले ब्लँकेट देलं तुम्ही. एका हातानं त्याची घडीबी होत नाही. हात बरा झाला का पुन्हा वेचणीले जाणं आहे. कशात जाऊ, ते सांगा."

"आम्ही काय एसटी लावू का?" एक शेतकरी ओरडला.

"चार वावरवाले मिळून जीप लावा ना!" मागून दुसरा शेतकरीच म्हणाला, आणि जो गलका उठला!

तेवढ्यात विठ्ठलराव गर्दीतून वाट काढत आले, मागे विमलताई. "बंद कर हे!"

ममतानं भोंगा तोंडाशी धरला. "बंद नाही होणार, काकाजी. बोलायचं असन तर बसा. नंबर आला का बोला."

ते बसले नाहीत. विमलताई मात्र सतरंजीवर बसली. तिनं भोंगा मागून घेतला. "तो टेम्पो आमच्याच वावरात येऊन राह्यला होता. रामीबाई आमच्या कामाले निघाली होती." तिनं भोंगा जमनाबाईकडे दिला.

विठ्ठलराव तसेच घरी गेले. नंतरच्या बैठकीत ममताला संस्थेतून काढायचा ठराव त्यांनी मांडला. विमलताईसकट कुणीच हात वर केला नाही. त्या हंगामात काही वावरवाल्यांनी मिळून जीप लावली, काहींचे टेम्पो तसेच धावले. त्यांना जाब विचारायला पुढच्या बाजारी पुन्हा सतरंज्या पसरल्या. संस्थेत आता लोक वाटपाचं नाही, सभेचं विचारत येऊ लागले.

पांढरकवड्याहून एकाचा फोन आला. "आमच्याकडंबी सभा घ्या ताई. फक्त मोठ्या माणसांची नावं नका निघू देऊ."

"नावं निघतीलच," ममता म्हणाली. "तारीख सांगा."