आत्याचा प्रचार आणि माझी बटणं

आत्या नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली तेव्हा घरात सगळ्यात आधी हसले ते आबा. आबा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील. "ही उभी राहील हो," ते म्हणाले, "पण बोलणार कोण?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच हात वर केला.

हात वर करणं ही माझी यंदाची सवय. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला इतकी हळू 'हजर' म्हणायचे की बाई मला खुशाल गैरहजर लावायच्या. मग यंदा वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी आमच्या वर्गातली मुलगी तापाने फणफणली, तिच्या जागी मला ढकललं, आणि स्टेजवर गेल्यावर मला शोध लागला की मला आवाज आहे. नुसता आहे असं नाही, तो मला फार आवडतो. तेव्हापासून मी जरा कमी बोलावं असे घरच्यांचे प्रयत्न चालू आहेत. अजून यश आलेलं नाही.

आत्याचं सगळं उलट. ती शिंपीकाम करते. आमच्या जिन्याखालीच तिचं दुकान आहे: दोन मशिनी, कापायचं लांब टेबल, आरसा, कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा आणि पुतळ्याच्या शेजारी आबांची खुर्ची. आत्याच्या गळ्यात टेप आणि कॉलरला दोरा ओवलेली सुई, कायम. आईबाबांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती सुई चमकते आहे. हात चालू असले की आत्या गिऱ्हाइकाशी तासन्‌तास गप्पा मारते. पण रिकाम्या हातांनी चार माणसांसमोर उभी केली की तिची वाचाच बसते.

अशी माणसं निवडणुकीला उभी राहत नाहीत. पण दवाखान्यासमोरचा बसथांबा हलवला, तिथून सगळं सुरू झालं. पूर्वी बस दवाखान्याच्या दारात थांबायची. आता ती मोठ्या रस्त्याच्या पलीकडे थांबते आणि मधल्या गाड्यांना दयामाया नाही. आबांना गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात जावं लागतं. दोनतीनदा आत्या दुकान बंद करून त्यांच्याबरोबर गेली. मग आबांनी जाहीर केलं की गुडघे बरे झाले. खोटं. त्यांना हात धरून रस्ता ओलांडायची लाज वाटते आणि आत्याचं दुकान बंद ठेवायची त्याहून जास्त. तेव्हापासून ते खुर्चीतून कमी उठायला लागले, मग अगदीच कमी. आत्या येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "या थांब्यासाठी कुणीतरी उभं राहायला हवं." कुणीच राहिलं नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तिने मशीनवर कापड टाकलं आणि स्वतः जाऊन अर्ज भरून आली.

समोर होते फर्निचरवाले. आमच्या वॉर्डाचे गेल्या खेपेचे सभासद. माणूस वाईट नाही, गोड बोलतात. आमच्या घरातला सोफाही त्यांच्याकडचाच आहे आणि अजून मोडलेला नाही.

आमच्या प्रचाराचे प्रमुख पोस्टमनकाका. ते निवृत्त झालेत, पण पायांना कुणी ते कळवलेलं नाही. कुठल्या फाटकाची कडी आतून लागते, कुठला कुत्रा नुसता भुंकतो, सगळं त्यांना पाठ. माझा आवाज ऐकून त्यांनी मला पहिल्याच दिवशी 'भोंगा' ही पदवी दिली आणि पत्रकांचा गठ्ठा हातात ठेवला.

"हे बघ भोंग्या. बेल वाजवायची, पत्रक द्यायचं, उमेदवार दाखवायचा, पुढचं घर. टपालासारखं. टपाल वाटताना कुणी चहा प्यायला बसत नाही."

"तुम्ही बसायचात," आबा खुर्चीतून म्हणाले. "आमच्याकडे तर रोज."

पहिल्या घराचं दार उघडलं. मी तोफ डागली, पत्रक दिलं, उमेदवार दाखवला. उमेदवार दाराच्या चौकटीकडे बघत उभी. घरातल्या बाई उमेदवाराकडे बघत उभ्या. शेवटी बाईंनी आम्हाला शुभेच्छा देऊन दार लावलं, जणू आम्हीच कुठे गावाला निघालो होतो.

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी मात्र दार उघडलं ते एका म्हाताऱ्या सुतारांनी, आणि त्यांच्या शर्टाचं वरचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. आत्याचा हात आपोआप कॉलरकडे गेला.

"हलू नका," ती म्हणाली. प्रचारातलं तिचं पहिलं वाक्य.

आणि तिची सुई चालू झाली तशी जीभही सुटली. थांबा कुठे होता, कुठे गेला, का गेला, परत कसा आणता येईल. सुतारआजोबाही बोलले. हलायचं नव्हतं, मग दुसरं करणार काय? दोरा तुटेपर्यंत आम्हाला त्यांच्या पाठदुखीपासून गटाराच्या झाकणापर्यंत सगळं कळलं होतं, आणि जाताना ते म्हणाले, "पोरी, माझं मत तुला. आणि थांब, आतून पँट आणतो."

मग तेच सुरू झालं. कुणाची बाही, कुणाची चेन, कुणाच्या उशीचा उसवलेला अभ्रा. संध्याकाळ झाली तरी आमची एक गल्ली संपेना. पोस्टमनकाका फाटकाशी येरझारा घालत होते.

"उमेदवारबाई, अशाने पुढच्या निवडणुकीपर्यंत या गल्लीतून बाहेर पडू आपण."

"हे एवढंच काज करते, काका."

"मघाशीही एवढंच होतं."

पण लोक हसून बोलत होते, दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी वाट बघत होते. मला तर वाटलं आपण जिंकलोच. तेवढ्यात निवडणूक अधिकारीबाई दुकानात आल्या. फर्निचरवाल्यांच्या कचेरीतून तक्रार गेली होती: उमेदवार मतदारांना फुकट शिवून देते. अधिकारीबाई तशा प्रेमळ होत्या, पण नियम म्हणजे नियम. "मतदाराला फुकट काहीही देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "एक टाकासुद्धा नाही."

आत्याच्या हातात त्या वेळी शेजारच्या काकांचा कोट होता. "अर्धं बटण लावून झालंय," तिने विचारलं. "उरलेलं अर्धं?"

अधिकारीबाईंनी बराच विचार केला. "पैसे घ्या," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून आत्याने प्रचाराला जाताना सुई काढून ठेवली, आणि आमचा प्रचार मुका झाला. मी दोघींचं बोलायचे. बोलायचेही झकास, पण लोक माझ्या डोक्यावरून आत्याकडे बघायचे आणि ती स्वतःच्या चपलांकडे. एका बाईंनी तर मलाच विचारलं, "तू उभी आहेस का गं?"

शेवटची सभा माझ्याच शाळेच्या हॉलमध्ये होती. दोन्ही उमेदवार बोलणार, लोक ऐकून ठरवणार. पोस्टमनकाका म्हणाले, जे काय होईल ते त्या हॉलमध्ये होईल. मी आत्याला भाषण लिहून दिलं. तिने ते वाचलं, घडी घातली, परत उलगडलं.

"छान आहे. तूच म्हण ना."

"उमेदवारालाच बोलावं लागतं, आत्या. मी विचारून आले."

खरं सांगायचं तर मी आशेने विचारून आले होते. तो माइक मला स्वप्नात दिसत होता.

आबा कोपऱ्यातून म्हणाले, "नको जाऊस. थांब्यावाचून माझं काही अडत नाही." आणि उठायला गेले, आणि उठता येईना. आत्याने त्यांना हात दिला. मग तिने आरशात बघून कॉलर सारखी केली आणि, सवयीने असेल, सुई लावली.

हॉल भरला होता. फर्निचरवाले आधी बोलले आणि छानच बोलले. हात हलवत होते तेव्हा त्यांच्या कोटाच्या बाहीचं बटण लोंबकळत होतं आणि आत्याची नजर त्या बटणाबरोबर डावीकडून उजवीकडे फिरत होती. मग तिचं नाव पुकारलं.

ती माइकपाशी गेली. कागद उलगडला. हॉल शांत झाला, मग फार शांत झाला, मग मागे कुणीतरी खोकलं. आत्याचा हात कॉलरपाशी गेला आणि तिथेच राहिला. पुढच्या रांगेत आबा काठीची मूठ दाबत बसले होते. सुतारआजोबा मान खाली घालून स्वतःच्या बटणाकडे बघत होते.

स्टेजला लागूनच मी उभी होते. मला पाच पावलं चालून माइक घेता आला असता. भाषण मला पाठ होतं, मीच तर लिहिलं होतं. पण मग आत्या त्या पुतळ्यासारखी माझ्या शेजारी उभी राहिली असती, सगळ्यांदेखत.

मी माझ्या शाळेच्या कोटाचं मधलं बटण धरलं आणि ओढलं. शाळेचे कोट आत्याच शिवते, त्यामुळे ते सहज निघेना. दातांनी दोरा तोडावा लागला. मग वर गेले.

"आत्या, बटण तुटलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. तळहातावरच्या बटणाकडे पाहिलं. तुटलेला दोरा तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"हे चालणार नाही," फर्निचरवाल्यांच्या कचेरीतला एक जण उठून म्हणाला. "फुकट शिवण आहे ही. बंदी आहे."

सगळे अधिकारीबाईंकडे वळले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "बाळ, तुझं मतदारयादीत नाव आहे?"

"नाही. मी नववीत आहे."

"मग प्रश्न नाही. बिनमताच्या माणसाला काहीही शिवता येईल."

हॉल हसला. आत्याने सुई काढली. दोन्ही हात अडकलेले, तेव्हा माइक कुणीतरी धरायला हवा होता. तो मी धरला. माझ्या हातात माइक आणि समोर भरलेला हॉल, आणि आत्या पुटपुटली, "आता हलायचं नाही. बोलायचंही नाही, टोचेल."

मी बोलले नाही. हे घरी अजून कुणाला खरं वाटत नाही.

"या हॉलमधल्या निम्म्या लोकांची मापं माझ्याकडे आहेत," आत्या बटणाला म्हणाली आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. "घाबरू नका, सांगणार नाही." हशा. तिने दोरा ओढला. "मला एकच सांगायचंय. बसथांबा पलीकडे नेला, कारण बसला तिथे वळायला सोपं पडतं. बरोबर आहे. पण बसला चाकं आहेत. माझ्या वडिलांना गुडघे आहेत." दोरा ओढला. "कपडा माणसाला बसत नसेल तर आम्ही माणूस कापत नाही, कपडा उसवतो. थांबाही उसवून परत लावता येईल. दवाखान्याच्या पुढे जुन्या शेडशी बस वळू शकते. मी ड्रायव्हरांना विचारलंय, त्यांच्या गणवेशाची मापं घेताना."

ती बोलत राहिली. आबांनी काठी सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. मग तिने दातांनी दोरा तोडला, बटण लागलं, आणि ती वाक्याच्या मध्यावर थांबली. चेहऱ्यावर परत तो दाराच्या चौकटीचा भाव.

माइक उजव्या हातात होता. डावा मोकळा होता. मी खालचं बटण धरलं आणि दोरा तुटेपर्यंत पिळलं.

"अगं, हेही गेलं," आत्या म्हणाली, आणि वाक्य पुरं केलं.

घरी जाईपर्यंत माझ्या कोटाची सगळी बटणं नव्याने लागली होती. आई म्हणाली, "शाळेचा कोट आहे तो, प्रचाराचं साहित्य नाही." पण म्हणताना ती माझ्या केसांतून हात फिरवत होती.

आत्या हरली. थोडक्या मतांनी, पण हरलीच. मी आणि पोस्टमनकाका दुकानात तोंड पाडून बसलो. ती मात्र मशीनला तेल घालत होती.

"बोलले ना मी सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "मग झालं तर."

"थांब्याचं काय झालं?" मी म्हटलं. तिने तेलाची कुपी बाजूला ठेवली.

तेवढ्यात दारात फर्निचरवाले. कोट हातावर.

"निवडणूक संपली," ते जरा ओशाळून म्हणाले. "आता शिवायला हरकत नसावी. त्या दिवशी पूर्ण भाषणभर तुम्ही माझ्या बाहीकडे बघत होतात. पाठ केलेलं विसरायची वेळ आली माझ्यावर. नवीन सभासदांची बैठक आहे, म्हटलं नीट करून घ्यावा."

"बसा ना," आत्या म्हणाली. बसायला एकच जागा होती, आबांच्या शेजारी. ते बसले. आबा त्यांच्याकडे बघून गोड हसले.

आत्याने सुई काढली आणि बाहीचं बटण लावता लावता बोलायला लागली. जुनी शेड, ड्रायव्हर, वळण, गुडघे. फर्निचरवाले मान डोलावत होते. बटण लागलं तसे ते उठले. "बघतो, नक्की बघतो."

आत्याने कोट उलटा केला, डोळ्यांजवळ नेला आणि शांतपणे कात्री घेऊन पुढचं चांगलं बटण कापून टाकलं.

"हे सैल होतं," ती म्हणाली. "बसा."

पोस्टमनकाकांना ठसका लागला. मी दोऱ्याचा डबा पुढे केला आणि एक अक्षर बोलले नाही, हे दुसऱ्यांदा.

त्या कोटाला पुष्कळ बटणं होती. शेवटून दुसऱ्या बटणाला फर्निचरवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आबांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ठीक आहे, बाई. याच बैठकीत थांब्याचा विषय मांडतो. आता तरी कोट द्या."

"बैठक कधी आहे?"

"उद्या सकाळी."

आत्याने कोट झटकला आणि नीट सारखा करून बिनडोक्याच्या पुतळ्याला घातला.

"मग उद्या सकाळी इथूनच न्या," ती म्हणाली. "आमचे आबा येतील तुमच्याबरोबर, बैठकीपर्यंत कोट पोचवायला. वाटेत त्यांचा हात धरून दवाखान्यासमोरचा रस्ता ओलांडा म्हणजे झालं."

आबांनी काठी घेतली आणि मला म्हणाले, "भोंग्या, माझा चांगला शर्ट काढून ठेव. आणि त्याची बटणं बघ जरा."