माळ्यावर जाण्याचा मान

मी एक बॅग बोलतेय. निळी, चार चाकांची, त्यातलं एक कुरकुरणारं. माझ्या आठवणींवर फार विसंबू नका. निम्मं आयुष्य मी बंद झाकणाखाली काढलं. बाहेरचं जे कानावर आलं ते सांगते, आणि ऐकण्यात चूक झाली असेल. तरी घडलं ते साधारण असंच, एवढं छातीठोकपणे... नाही, बऱ्यापैकी खात्रीनं सांगते.

माझ्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर. सगळे त्यांना ताई म्हणतात. शिकायला परदेशी गेल्या, तिथेच रमल्या, तिथल्या नागरिक झाल्या. इकडे त्यांची आई गेली आणि वडील एकटे पडले. वडील म्हणजे आप्पा, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. ताईंनी तिथला दवाखाना विकला, मला खचाखच भरलं आणि आल्या.

पण ज्या घरात त्या चालायला शिकल्या, त्याच घरात आता त्या सरकारदरबारी पाहुण्या होत्या. दर सहा महिन्यांनी देश सोडायचा, मग परत यायचं.

त्यामुळे मी कधी रिकामी झालेच नाही. आप्पांनी कपाटाचे दोन कप्पे पुसून, नवा कागद अंथरून ठेवले होते. "राहू द्या आप्पा, परत भरायचंच आहे," ताई म्हणत. कपडे माझ्यातून निघत, धुतले जात आणि घडी होऊन माझ्यातच परतत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ताईंचं चाकांवर! शेजारच्या काकू जिन्यात विचारत, "काय गं, आलीस की निघालीस?"

"सध्या मध्यंतर आहे काकू," ताई म्हणत.

निघायचा दिवस जवळ आला की आप्पांचं जेवण कमी होई. माझं कुलूप ते ओढून बघत, पुन्हा येऊन बघत. एकदा ताई तिकडे असताना ते न्हाणीघरात पडले आणि कामाच्या मावशी येईपर्यंत तसेच पडून राहिले. ते कळलं तेव्हा ताईंनी ठरवलं, आता ते आजीवन कार्ड काढायचंच. मूळच्या इथल्या, पण परक्या देशाचे नागरिक झालेल्या माणसांना ते मिळतं. मग हवं तितकं राहा, कुणी जा म्हणत नाही.

आम्ही तिघं कार्यालयात गेलो. संध्याकाळचं विमान होतं, म्हणून मीही बरोबर. खिडकीतल्या बाईंनी एकेक कागद पाहिला. जुनं नागरिकत्व सोडल्याचा दाखला हाती येताच त्या थांबल्या. "हे काय केलंत?"

"लॅमिनेट," आप्पा म्हणाले. "ओल लागू नये म्हणून."

"असा चालत नाही. कागद हाताला लागला पाहिजे."

ताईंनी कपाळाला हात लावला. "आप्पा, घरातला एक तरी कागद सोडलाय का तुम्ही?"

"रेशनकार्ड," आप्पा पुटपुटले. "ते मशीनमध्ये मावेना."

बाई हसल्या. "माझ्या वडिलांनी माझी लग्नपत्रिका लॅमिनेट केलीय. पण काका, नियम तो नियम. नवा दाखला काढा, मग या."

नवा दाखला म्हणजे किती महिने कोण जाणे. ताई कागद गोळा करू लागल्या. आप्पा उठले. भाजीवाल्याशीही कधी घासाघीस न केलेला माणूस! माझी मूठ त्यांनी घट्ट धरली होती. मला कुरकुरत ओढत ते थेट खिडकीशी गेले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "शिक्षा तिला नको. हा दाखला तुमच्याच खात्यानं दिलाय, म्हणजे त्याची नोंद तुमच्याकडे असणारच. जन्मभर मी मुलांना सांगत आलो, उत्तर ताडून बघा. तुम्हीही बघा. खोटं निघालं तर आम्ही मुकाट्यानं जाऊ."

बाईंनी दाखल्याचा क्रमांक घेतला आणि त्या आत गेल्या. आप्पा उभेच. त्या परतल्या आणि अर्जावर शिक्का बसल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. "जुळलं. आणि काका, कार्ड आलं की ते लॅमिनेट करायचं नाही!"

त्या खेपेला ताई तिकडे गेल्या, परत आल्या, आणि कार्ड हातात पडलं. घरी येताच त्यांनी मला पलंगावर ठेवून उघडलं. साड्या, पुस्तकं, औषधं, सगळं निघालं. माझा तळ मला स्वतःलाच आठवत नव्हता! आप्पा कपाटापाशी उभे राहून एकेक घडी घेत होते. मग त्यांनी स्टूल धरलं आणि ताईंनी मला माळ्यावर ढकललं. माझ्या जातीला तिथे रडू येतं म्हणे. मी मात्र गड जिंकल्यासारखी चढले.

काही दिवसांत तळमजल्यावरच्या ताईंच्या नव्या दवाखान्यातून दात कोरायच्या यंत्राची घरघर येऊ लागली. आप्पाही पुन्हा पोटभर जेवू लागले, त्यांची ढेकर माळ्यापर्यंत येई. तुमच्या दाराशी अशी भरलेली बॅग उभी असेल, तर माझं एवढं ऐका: तिच्यावर धूळ बसू द्या.

मला शंका होतीच. कार्ड असलं म्हणजे जायला बंदी नसते. ताई दुसरी नवी बॅग घेऊन जात-येत असतील, आणि मला उगाच वाटत असेल की मी जिंकले. मग बऱ्याच वर्षांनी ताईंनी माळा आवरला आणि मुदत संपलेला त्यांचा पासपोर्ट माझ्यात टाकला. तो उघडाच पडला. कार्ड मिळालं त्या खेपेच्या आगमनाच्या शिक्क्यापुढची सगळी पानं कोरी होती.