टुकटुक कुठं आहे?

मित्रांनो, मी एक जुनी, तांबड्या लोकरीची कानटोपी आहे. बुलढाण्याजवळच्या धाड गावात एका घरी पत्र्याच्या पेटीत तळाला पडून असते. काजलआत्यानं मला भाचीच्या, म्हणजे समीक्षाच्या, बारशासाठी विणलं. विणताना टाके चुकले, मी जरा मोठीच झाले, म्हणून मला तिच्या डोक्यावर तीन हिवाळे बसता आलं.

समीक्षा बोलू लागली ती स्वतःचेच शब्द घेऊन. शिंक आली की म्हणे, "फटाकी आली." खिचडीची तळाला लागलेली खरपुडी म्हणजे 'कुरमाय'. तिची आई जयमाला बाजाराच्या मागच्या गल्लीत शिलाईचं दुकान चालवते. त्या दुकानाला ती म्हणे 'टुकटुक'. घरातल्यांना या शब्दांचं फार कौतुक. तिचे वडील जीवन जेवताना स्वतःच विचारत, "कुरमाय पाहिजे का वं तुले?" खरे शब्द तिला कुणी शिकवलेच नाहीत.

तिसऱ्या हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी, मेथीची जुडी निवडायला जीवननं तिचा हात सोडला. ती फुगेवाल्यामागे चार पावलं गेली. वळून पाहिलं, तर पप्पा नाहीत!

ती रडू लागली. माणसं जमली.

"कुठं राह्यते तू, बाई?"

"टुकटुकात."

"टुकटुक म्हंजे ऑटोच की! ऑटोत बसून आली असन, बाहेरगावची दिसते. जीपवाल्याले विचारा."

एका भल्या माणसानं तिला उचललं आणि जीपथांब्यावर नेलं. मी तिच्या कानांवरच होते. मला दुकान ठाऊक होतं, गल्ली ठाऊक होती. पण लोकरीला कुठली जीभ! गजेंद्र नावाचा जीपवाला म्हणाला, "सकाळी बुलढाण्याहून लई लोकं आणले म्या. त्याह्यचीच असन. नेतो अन् तिथं चौकीवर देतो." त्यानं तिला सीटवर बसवलं. जीप सुरू झाली. तिच्या आसवांनी माझे बंद भिजले, आणि मी नुसती भिजत राहिले.

शेजारी भाजीची रिकामी टोपली घेऊन बेबीताई बसल्या होत्या, जयमालाकडं कपडे शिवून घेणाऱ्या. त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही. "माय, टुकटुक कसं करते, दाखव बरं मले," म्हणाल्या.

समीक्षानं हुंदके देत दोन्ही पाय खालीवर हलवले आणि हातानं हवेतलं कापड पुढं सरकवलं.

"अरे, थांबव गाडी! शिलाईमशीन व्हय थे! जयमालाची पोरगी हाये ही!"

दुकानात जयमालानं तिला छातीशी धरलं. जीवन धावत आला आणि त्यानं तिचा सोडलेला हात पुन्हा धरला.

त्या दिवसापासून घरात नियम झाला. "मशीन म्हण. शिंक म्हण. पप्पाचा नंबर सांग." ते योग्यच होतं. समीक्षा हुशार, दोन महिन्यांत सगळं पाठ झालं. तिचा स्वतःचा एकेक शब्द तोंडातून गळत गेला. तो पडताना मला दिसे, पण झेलायला मला ओंजळ नव्हती. मग मीही तिला घट्ट होऊ लागले आणि पेटीत गेले.

परवा काजलआत्या आली होती. तिनं विचारलं, "वहिनी, काजव्याले समू काय म्हणे वो?" जयमाला आठवू लागली. जीवनही आठवू लागला. समीक्षा आता पहिलीत आहे, ती म्हणाली, "काजवाच म्हणत असन मी." सगळे हसले. मग जयमाला हातातलं कापड नुसतंच कुरवाळत राहिली.

मित्रांनो, मी पेटीत मनातल्या मनात ओरडत होते, पण ते कुणाला ऐकू जाणार? तुमच्या घरी लहान भावंडं असतील, तर त्यांना खरे शब्द जरूर शिकवा. पण त्यांचे शब्द आधी एका वहीत लिहून ठेवा. समीक्षा काजव्याला 'चालूबंद' म्हणायची.