भट्टीची उष्णता

“स्टीलचा नगं सिस्टर. कागदी कप असला तर द्या की,” आक्काताई म्हणाली.

तोवर तिच्या नवऱ्यानं, बाळासोनं, पाण्याच्या पेल्याला बोट लावलंच होतं, आणि शॉक बसल्यासारखा हात मागं घेतला होता. या औषधाचं असंच होतं. सलाईनमधून ते अंगात गेलं की पुढचे काही दिवस गार म्हणून काही सोसायचं नाही. पाणी, फरशी, दाराची कडी, काहीच नाही. बोटांना मुंग्या यायच्या, आणि मुंग्या गेल्या की त्या जागी काही कळेनासं व्हायचं.

“जलम भट्टीपशी काढला सिस्टर, आणि आता गारठ्याला भ्यालोय,” बाळासो म्हणाला. नर्स हसली. तो हसला नाही. डोळे मिटून उशीला टेकला.

बाळासो शिरोली एमआयडीसीतल्या एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत मोल्डर होता. काळी वाळू मुठीत दाबून सोडायची आणि साचा धरेल की ढासळेल ते सांगायचं, हे त्याचं काम. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. आतड्याचा तुकडा काढून टाकला, शौचासाठी पोटावर वाट केली आणि तिथं पिशवी आली. तेव्हापासून कोल्हापूरचा हा दवाखाना आणि शिरोलीतलं घर यांमध्ये दोघांचे दिवस जात होते. आक्काताई सकाळी अंघोळ करून पोथीचा एक अध्याय वाचायची, शुक्रवार धरायची. पूर्वी दिवा लावताना ती काही ना काही मागायची. अलीकडे मागणं संपलं होतं. नुसतं देवीचं नाव तोंडात राहिलं होतं.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वजन बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

“मॅडम,” आक्काताईनं हळूच विचारलं, “ह्यातनं माणूस उठतंय न्हवं?”

“एका गोष्टीवर नसतं हो मावशी. किती लवकर कळलं, आजूबाजूच्या गाठींत शिरलंय का, सगळे डोस झेपतात का, वजन टिकतं का. घरात बघणारं माणूस आहे का, यानंसुद्धा फरक पडतो.”

“बघणारं हाय की,” बाळासो डोळे न उघडता म्हणाला. “पर लवकर काय कळलं न्हाय.”

“वर्षाच्या वर शौचातून रक्त जात होतं म्हणालात.”

“उष्णता वाटली.”

हे उत्तर त्यांनी आधीही ऐकलेलं असावं. त्या रागावल्या नाहीत. “तुम्हाला धाकटा भाऊ आहे ना? त्यांना आणा. दुर्बिणीतून तपासू. सख्ख्या भावाला धोका जास्त असतो. त्रास असो वा नसो, आणाच.”

फौंड्रीत रक्त पडण्याचं कुणाला नवल नव्हतं. भट्टीपुढं उभं राहायचं म्हणजे ती उष्णता पोटात उतरणारच, असं सगळ्यांचं म्हणणं. त्यावर उपायही ठरलेले. ताक, खडीसाखर, दुर्वांचा रस आणि रात्री भिजत घातलेला सब्जा. आक्काताई बाळासोच्या डब्याबरोबर सब्जाच्या पाण्याची बाटली द्यायची. रक्त कमी झालं की सब्जा लागू पडला. वाढलं की त्या आठवड्यात ओतकाम जास्त झालं. दोन्हीकडून हिशेब जुळायचा. शेवटी एक दिवस बाळासो साच्यावरच चक्कर येऊन पडला.

रविवारी गुंडू घरी आला. बाळासोचा हा धाकटा भाऊ त्याच फौंड्रीत, भट्टीवर होता. हातात डबा होता.

“वैनी, मटणाची आळणी आणलीया. तिखट न्हाय, मीठबी कमी. आमच्या घरात आता मटण तुमच्या डॉक्टरीणबाईला इचारून शिजतंय.”

आक्काताई डबा घ्यायला दारात गेली. गुंडूच्या मोटारसायकलला पाण्याची बाटली लटकत होती. तिच्या तळाशी सब्जाचे फुगलेले दाणे होते.

“भावजी, ही बाटली कशाला?”

“कशाला म्हंजे? ह्या म्हयन्यात डबल शिफ्टा झाल्या. उष्णता.”

“रक्त पडतंय?”

गुंडूनं आतल्या खोलीकडं बघितलं. “हळू की वैनी. पडतंय थोडं. ताक घेतलं की थांबतंय.”

“किती दीस झालं?” आतून कॉटवरून बाळासोचा आवाज आला.

गुंडू आत जाऊन स्टुलावर टेकला. “झालं. इथं भिंतीलाबी कान आलं.”

“डॉक्टरीणबाईनं तुला बोलवलंय.”

“बोलवणारच. त्यांचं दुकान हाय ते. आण्णा, तपासलं की कायतरी निघतंयच. आपला म्हातारा न तपासता ऐंशी वर्सं जगला.”

“म्हातारा रानात हुता. भट्टीवर न्हवता.”

“मग मी दुसरं काय म्हणतोय? भट्टीचीच उष्णता!”

गुंडूला वाटलं, आपण जिंकलो. त्या भरात त्याची नजर भावाच्या सदऱ्याखाली फुगलेल्या पिशवीवर गेली. “आणि सांगू का, ते असलं लावून हिंडायचं माझ्यानं व्हायचं न्हाय. त्यापरीस मेलेलं बरं.”

गुंडूच्या लक्षात आलं, पण शब्द गेला होता. “आळणी गरम करून द्या वैनी,” एवढं म्हणून तो उठला. मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

संध्याकाळी आक्काताईनं दिवा लावला. बाळासो देवखोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. पिशवी आल्यापासून तो आत येत नव्हता. शौचाची पिशवी पोटाला बांधून देवापुढं कसं जायचं, असं त्यानं दवाखान्यातून घरी आलेल्या दिवशीच विचारलं होतं, आणि उत्तराची वाट न बघता बाहेरून हात जोडले होते. तिनं तेव्हा वाद घातला नाही. रोज अंगारा उंबऱ्यापाशी नेऊन त्याच्या कपाळाला लावायची.

“अमुशा कवा हाय?” त्यानं विचारलं.

“बुधवारी.”

“मला कारखान्यात न्हेशील?”

दर अमावास्येला फौंड्रीत भट्टीपुढं नारळ फुटायचा. मालक कोणीही असो, कितीही घाईचं काम असो, नारळ फुटल्याशिवाय त्या दिवशी लोखंड ओतलं जात नसे. कैक वर्षं तो नारळ बाळासोच्या हातानं फुटत आला होता. आजारपणात तो मान बाळू फोरमनकडं गेला होता.

बुधवारी ती त्याला रिक्षातून घेऊन गेली. शेडमध्ये शिरताच काळ्या वाळूचा ओळखीचा वास आला. बाळासो दारातच थांबला, खाली वाकला आणि वाळू मुठीत धरली. दाबली. मूठ उघडली. बराच वेळ तळहाताकडं बघत राहिला. मग वाळू हळूच खाली सोडून दिली आणि हात धोतराला पुसला. त्याच्या बोटांना वाळूचं काही कळलं नव्हतं. आक्काताईला ते कळलं.

माणसं गोळा झाली. “आण्णा आलं, आण्णा आलं!” बाळू फोरमननं नारळ पुढं केला. “घ्या. तुमचाच हाय.”

“माझ्या हातनं चालायचं न्हाय,” बाळासो म्हणाला आणि सगळ्यांसमोर त्यानं सदरा वर केला. “बघा. नीट बघा. ही उष्णता न्हवं. मीबी उष्णताच म्हणत हुतो. ताक पीत हुतो. लवकर गेलो असतो तर कदाचित ही पिशवी लागली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणत्यात. कुणाकुणाचं रक्त पडतंय, त्यांनी तपासून घ्या. एवढंच सांगाय आलोय.”

कुणी खाली बघितलं, कुणी भट्टीकडं. मागं उभ्या असलेल्या गुंडूनं तोंडावरचा रुमाल वर ओढला.

“आता नारळ घे बाळू. हे असलं अंगावर घिऊन मी देवापुढं हात कसा घालू?”

आक्काताई दारात उभी होती. ती या शेडमध्ये कधी बोलली नव्हती. आताही तिचा आवाज पंख्याच्या घरघरीत जेमतेम ऐकू आला.

“आवं, आईला लेकराच्या शीचा कवा इटाळ झालाय?”

बाळासोनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. मग त्यानं नारळ घ्यायला हात पुढं केले. नारळाची करवंटी बोटांना कळेना. पकड बसेना. नारळ निसटला तसा गुंडूनं पुढं होऊन तो झेलला आणि दोघा भावांचे चारही हात त्यावर आले.

बाळासोनं गुंडूचा पंजा आपल्या हातांखाली दाबून धरला. “आता हात नारळावर हाय. भट्टी फुडं हाय. शब्द दे.”

“आण्णा, असं सापळ्यात धरतंय व्हय कोण?”

“दे.”

गुंडूनं एकदा भट्टीतल्या लाल उजेडाकडं बघितलं. “यीन,” तो म्हणाला. “पर पोट साफ करायचं त्ये औषध लई वंगाळ असतंय म्हणं.”

“त्ये असतंय,” बाळासो म्हणाला, आणि दोघांनी मिळून नारळ फोडला.

तपासणीच्या दिवशी गुंडू आत होता आणि बाळासो बाहेर बाकावर. गुंडूच्या चपला त्यानं आपल्या पायांपाशी नीट लावून ठेवल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी आक्काताईला खोलीत बोलावलं.

“बरं झालं आणलंत मावशी. आतड्यात दोन कोंब होते. वाढू द्यायचे नसतात ते. तिथंच काढून टाकले, तपासायला पाठवलेत. दिसायला तरी काळजीचे नाहीत.” मग त्यांनी टेबलावरचं पाकीट हाताखाली ओढलं. “आणि हा बाळासोंचा परवाचा स्कॅन. यकृतावर ठिपके आलेत. औषध बदलून बघू. पण मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही.”

आक्काताई बाहेर आली. दारात तिनं पदर सारखा केला. बाळासोनं तिच्या तोंडाकडं बघितलं.

“माझं ऱ्हाऊ दे. गुंड्याचं सांग.”

“काढून टाकलं. बरा हाय.”

तो मागं भिंतीला टेकला. “झालं तर मग.” इतकंच म्हणाला. पुढचं त्यानं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

दुपारी गुंडूची गुंगी उतरल्यावर तिघं बाहेर पडले. उन्हात कोपऱ्यावर ताकाची गाडी होती. बाळासो थांबला.

“ताक पिऊ.”

“आण्णा, आता कशाला? उष्णता न्हवती म्हणं ती.”

“औषध म्हणून न्हवं लेका. चव म्हणून.”

गाडीवाल्यानं बर्फाच्या हंड्यातून ताक काढून स्टीलचे पेले पुढं केले. गुंडूनं स्वतःचा एका घोटात रिकामा केला. दुसरा पेला बाळासोकडं देता देता तो थांबला. तो पेला त्यानं आपल्या दोन्ही तळहातांत धरला. भट्टीवर भाजून भाजून कडक झालेले ते हात. मधून मधून तो बोटाच्या पाठीनं पेल्याची कड चाचपत होता. आक्काताई बाजूला सावलीत उभी राहून तोंडातल्या तोंडात नाव घेत होती. बाळासो घाई न करता वाट बघत होता.

“अजून जरा,” गुंडू म्हणाला. “अजून गार हाय.”