राहीच्या पोटातली देवी

पूर्णगडला रावजीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओटीवर त्याची विधवा भावजय राही उताणी निजली होती. पोट टम्म फुगलेलं, त्यावर फुलांचा ढीग. उशाशी मांडी घालून बसलेला वज्रनाथबुवा गरजत होता, "माणसाचं पोर नऊ महिन्यांत जन्मतं! ही साक्षात जगदंबा! तिला वर्षही पुरत नाही!"

तो थांबला की राहीच्या पोटाकडून पैंजण वाजत, छुम् छुम्. बायका गहिवरून लोटांगण घालीत.

ह्याच बायकांनी पोट दिसू लागताच राहीला विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. रावजी तिला घराबाहेर काढणार होता. तेवढ्यात बुवा आला आणि पापाची देवी झाली.

मी तिथल्या शाळेत मास्तर. राहीचे हातपाय काड्यांसारखे होत चाललेले पाहून मला चैन पडेना. शेवटी रत्नागिरीहून डॉक्टर कमळाबाईंना घेऊन आलो.

त्यांनी राहीच्या पोटाला नळी लावली. छुम् छुम्!

"नळीतून काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "वाजतंय ते बाहेर."

"देवीला नळी लावता? निर्वंश होईल!" बुवा उसळला. गर्दी पुढे सरकली. कुणीतरी दगडही उचलला.

कमळाबाई राहीकडे वाकल्या. "दुखतं का गो?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. "लय दुखतं. घास उतरत नाय." मग कोपरावर उठत ती म्हणाली, "माज्या पोटात काय वाजत नाय. ह्याच्या गुडघ्याला बांधलंय."

"मग इतके दिवस गप का बसलीस?" रावजी ओरडला.

"बोलले असते तर घरात ठेवलं असतंत मला, भावोजी?"

रावजीची मान खाली गेली. दुसऱ्याच क्षणी त्यानं बुवाचं धोतर वर ओढलं. गुडघ्याखाली घुंगरांची पट्टी! पाय जरा आवळला की छुम्. बुवा उठून पळाला, तोही वाजतच.

रत्नागिरीला राहीचं पोट उघडलं. अंडाशयात भलीमोठी गाठ, चिकट रसानं भरलेली. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, असतं, त्यातही तसल्याच रसाची दुसरी गाठ. दोन्ही काढल्या. राही वाचली.

दवाखान्याच्या पायरीवर रावजीनं घुटमळत विचारलं, "बाई, एकदम दोन गाठी? ही करणी तर नसंल?"

"दोन्ही एकत्र मीही पहिल्यांदाच पाहिल्या," कमळाबाई म्हणाल्या. "का होतात, मला ठाऊक नाही. पण मला ठाऊक नाही म्हणून ती करणी होत नाही, रावजी. तो आजारच राहतो."

वाचकहो, कुणाचं पोट वाढलं तर पाप म्हणू नका, देवीही म्हणू नका. आधी विचारा, दुखतंय का? आणि डॉक्टरकडे न्या.